चौथा बिल्ला

नोलीन ट्रेझीजच्या टोपीवर तीन बिल्ले आहेत आणि त्या टोपीला हात लावायची ऑस्ट्रेलियातल्या आमच्या मूंटा गावात कोणाची टाप नाही. टोपी कापडी, उन्हाने विटून गेलेली. पण पुढच्या बाजूला कांस्य, रौप्य, सुवर्ण असे तीन बिल्ले ओळीने, आणि त्यांच्या शेजारी एका बिल्ल्यापुरती जागा मोकळी. ती प्लॅटिनमच्या बिल्ल्याची. "इथे काय लावणार गं?" असं पोस्टातल्या बाईने एकदा सहज विचारलं, तेव्हा नोलीन म्हणाली, "लागेल तेव्हा बघशीलच. तोवर माझ्या पाकिटावरची तिकिटं सरळ चिकटव."

ही बाई पहिल्यापासून अशीच. शाळेच्या कँटीनमध्ये तिने उभी हयात काढली. रांग मोडून पुढे घुसलेल्या पोराला ती रांगेच्या शेपटाला पाठवायची, मग ते पोर मुख्याध्यापकांचं का असेना. गावातले निम्मे बाप्ये तिच्या हुकुमाने कधी ना कधी रांगेत मागे गेलेले आहेत, आणि डोक्याला टक्कल पडलं तरी अजून तिला वचकून असतात.

तिला दगडांचा नाद लागला तो नवऱ्यामुळे. डॅरिल सुगीत धान्याचे ट्रक चालवायचा आणि एरवी समुद्रात खेकडे धरायचा. होडीसाठी म्हणून त्याने जागा दाखवणारं यंत्र घेतलं, आणि त्यातून जिओकॅशिंगचं खूळ घरात शिरलं. म्हणजे कोणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, यंत्रावर त्याचा ठावठिकाणा सांगायचा, आणि चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांनी तो हुडकत रानोमाळ भटकायचं. नोलीनला हे पोरकट वाटे. प्लास्टिकच्या डब्यापायी एवढं पेट्रोल जाळायचं म्हणजे काय?

एकदा क्लेअर गावच्या रस्त्याला एका दरडीपाशी दोघं दुपारभर झुडपं उपसत होती. हातापायांना काटे लागले, माश्यांनी जीव नकोसा केला, पण डबा काही मिळेना. शेवटी नोलीनने फोनवरचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं आणि कपाळावर हात मारला.

"अरे मेल्या, इथे डबा नाहीच! इथे दगड बघायचाय. बघून प्रश्नांची उत्तरं लिहायची आहेत."

"मग तसं आधी सांगायला काय झालं होतं त्यांना?"

"सांगितलंय की. तू वाचलं नाहीस."

या प्रकाराला अर्थकॅश म्हणतात. नावात अर्थ आहे, कॅश आहे, आणि हातात मात्र छदाम पडत नाही. दरड, गुहा, लाव्हाचा ओघळ, जुन्या समुद्राचा तळ, अशा एखाद्या ठिकाणी जायचं, डोळे उघडे ठेवून बघायचं, आणि ज्याने ते ठिकाण मांडलंय त्याला उत्तरं पाठवायची. त्याला पटलं तर भेटीची नोंद राहते, नाही पटलं तर तो ती पुसून टाकतो. पुरेशी ठिकाणं, वेगवेगळ्या मुलखांतली, आणि काही आपण स्वतः मांडलेली, अशी बेरीज जमली की बिल्ला मिळतो. नोलीन खाणीच्या गावची लेक. तिचे खापरपणजोबा कॉर्नवॉलहून तांबं खणायला इथे आले ते इथलेच झाले. त्या दुपारी दरडीतले वेडेवाकडे पट्टे बघताना तिला जे वाटलं ते आयुष्यात कशानेच वाटलं नव्हतं. परत येताना गाडीत ती एक अक्षर बोलली नाही, तेव्हाच डॅरिलने ओळखलं की आपलं आता काही खरं नाही.

प्लॅटिनमच्या बिल्ल्याला पाच मुलूख लागतात, आणि नियमाप्रमाणे वेगवेगळी राज्यं धरली तरी चालतात. नोलीनने ठरवलं की आपण धरायचे ते देश. एका देशातल्या एका राज्यातून दुसऱ्यात जायचं यात कसला पुरुषार्थ?

"दगडांना सीमा कळत नाहीत, असं तूच म्हणतेस ना?" डॅरिल चिडवायचा. "मग देशांच्या बऱ्या कळतात!"

"दगडांना नाही कळत. तुला कळतात. देश म्हटला की तुला विमानाचं तिकीट काढावं लागतं."

आपला ऑस्ट्रेलिया झाला. कॉर्नवॉलला जाऊन खापरपणजोबांचा देश झाला. फिजी झालं, वानुआटूचा धुमसता डोंगर झाला. पाचवा न्यूझीलंड राहिला, कारण तो सगळ्यांत जवळचा. शेजारच्या घरी काय, कधीही जाता येतं, असं म्हणत राहिली आणि मध्येच तिचे डोळे गेले.

पुरते गेले नाहीत. कडेकडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. जिथे नजर लावावी नेमकं तिथेच पुसल्यासारखं होतं. माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. ॲडलेडला जाऊन डोळ्यांत सुया टोचून घ्यायच्या, म्हणजे आहे ते तरी टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेही तिने सोसलं. तिला सोसवलं नाही ते दुसरंच. आजार कळल्या दिवसापासून सगळा गाव तिच्याशी गोड वागू लागला. बोलिंगच्या मैदानावर तिचा चेंडू भलतीकडे गेला तरी "वा, नोलीन!" असं ऐकू येई. चर्चच्या विक्रीसाठी तिने स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे गोडसर पाव, केले, त्यात साखरेच्या जागी मीठ पडलं. लोकांनी ते विकत घेतले, तिच्यासमोर खाल्ले आणि वाखाणले. घरी येऊन तिने उरलेला एक तोंडात घातला तो तसाच थुंकला. मग ती स्वयंपाकघरात बसून रडली.

"लोक माझ्याशी खोटं बोलतात रे," ती डॅरिलला म्हणाली. "मी अजून मेले नाहीये."

दुसऱ्या दिवशी तिने न्यूझीलंडची तिकिटं काढायला लावली. मुलगी केरिन फोनवर हात जोडून सांगत होती, "आई, दगड कुठे पळून चाललेत का? तब्येत सांभाळ, पुढच्या वर्षी जा."

"दगड नाही चाललेले. मी चाललेय."

न्यूझीलंडातल्या ओमारू गावी प्रवाशांच्या तळावर, आतच राहायची-रांधायची सोय असलेली भाड्याची गाडी लावून दोघं उतरली. गावाच्या दक्षिणेला एका लहानशा किनाऱ्यावर तिने निवडलेला कडा होता. वर पांढरट चुनखडक, खाली जुन्या ज्वालामुखीची काळी राख, आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम वीतभर जाडीचा एक पट्टा. त्या वीतभरात लाखो वर्षांचा काळ गडप झालाय, असं पानावर लिहिलं होतं. ठिकाण मांडणाऱ्याने स्वतःचं नाव 'जुना हातोडा' असं ठेवलं होतं. या खेळात सगळ्यांची अशी टोपणनावं असतात. डॅरिल 'खेकडा' आणि नोलीन 'मूंटाची पेस्टी'. पेस्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा भरून भाजलेली आमच्याकडची तळहाताएवढी करंजी.

शुक्रवारी दोघं तिथे गेली तेव्हा वारा असा भणाणत होता की उभं राहवेना. डॅरिलने तिला आडोशाला बसवलं, कड्याचे फोटो काढले, आणि संध्याकाळी फोनवर काहीतरी टिपटिप करत बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन किणकिणला. नोलीनला अक्षरं लागत नाहीत, म्हणून तिचा फोन आलेला निरोप वाचून दाखवतो. त्याचा आवाज कोरडा ठणठणीत, त्यात ना राग ना लोभ.

"मूंटाची पेस्टी यांना. दोघांत एक उत्तर चालत नाही. आपली भेट पुसली आहे. ज्याने त्याने आपापलं उत्तर लिहावं. जुना हातोडा."

"काय माणूस आहे का खवीस!" डॅरिल उसळला.

नोलीन शांतपणे म्हणाली, "तू माझ्या नावाने लिहिलंस?"

"अगं, तुला वाऱ्याचा त्रास होत होता, मी म्हटलं..."

"माझ्या नावाने लिहिलंस?"

"आपल्या दोघांच्या नावाने लिहिलं. बघितलं तर दोघांनीच ना?"

"तू बघितलंस. मी वारा खाल्ला."

डॅरिल खरा हादरला तो यापुढे. ती हातोड्यावर रागवायला तयारच नव्हती. मूंटाच्या जुन्या खाणीपाशी तिने स्वतः जी ठिकाणं मांडलीत, तिथेही हाच कायदा. मेलबर्नच्या एका दाताच्या डॉक्टराने आपलं आणि बायकोचं मिळून एक उत्तर पाठवलं होतं, तेव्हा नोलीनने बायकोची नोंद पुसली आणि वर लिहिलं की बाईंना दात डॉक्टरांनी दिले असतील, डोळे देवाने वेगळे दिलेत. पेरावं तसं उगवतं, याला इलाज नाही.

तिने तिथल्या तिथे आपल्या भेटीची नवी नोंद केली आणि फोनला उत्तर सांगायला सुरुवात केली. खालचा खडक गडद, वरचा फिका, एवढं कडेच्या नजरेने कळलं होतं. मधल्या पट्ट्याच्या रंगापाशी ती अडली.

"हिरवा आहे," डॅरिल हळूच म्हणाला. "हिरवट. लिही आणि मोकळी हो. एका शब्दाचा प्रश्न आहे."

"तुला हिरवा. मला नाही." आणि तिने फोनला सांगितलं, "रंग मला दिसला नाही. माझ्या डोळ्यांना मधलं दिसत नाही."

तासाभरात उलट निरोप आला. तोच कोरडा आवाज, शब्द मात्र लोण्यासारखे. "आदरणीय बाई, हे मला ठाऊक असतं तर आपल्याला असा त्रास दिला नसता. आपली जिद्द पाहून मन भरून आलं. उत्तरांची काही गरज नाही. आपली भेट मान्य आहे. शुभेच्छा."

"झालं!" डॅरिलने टेबलावर थाप मारली. "पाचवा देश! चौथा बिल्ला! थांब, चहा टाकतो."

"ती नोंद खोड."

"काय?"

"मी केलेली नोंद. खोडून टाक. तू नाही खोडलीस तर मी चाचपडत खोडीन, आणि मग काय काय खोडलं जाईल ते देव जाणे."

"नोलीन, डोकं ठिकाणावर आहे का? तो देतोय! स्वतःच्या हाताने देतोय!"

"स्कोन खाल्ल्यासारखा देतोय." तिचा आवाज चढला. "कँटीनमध्ये पोरं माझ्यापुढे रडायची. रडलं म्हणून मी कधी कोणाला पुढे घेतलं नाही. रडून पुढे जाता येत असतं तर रांग कशाला हवी? कीव म्हणून मिळालेला बिल्ला मी टोपीला लावीन, आणि रोज आरशासमोर... आरशात तर मला तोंडही दिसत नाही. पण मला माहीत असेल ना."

डॅरिलने नोंद खोडली. खोडताना त्याचे डोळे भरून आले होते, पण ते तिला कुठलं दिसायला.

मग तिने हातोड्याला निरोप पाठवला. "मी तुमच्या किनाऱ्यावर हवापालटाला आलेले नाही. मला सोपं करून द्या असं म्हणत नाही. डोळ्यांऐवजी हाताने करता येईल असा प्रश्न विचारा. आणि चुकले तर चूक म्हणा."

दुपार झाली, संध्याकाळ झाली, तरी उत्तर नाही. तळ सांभाळणारी शोना नावाची बाई सिलिंडर बदलून द्यायला आली. डॅरिलने विषय काढताच ती हसत सुटली.

"जुना हातोडा? अहो, तो मर्डक गिलीस! इथला कसाई होता. आता दुकान मुलाकडे आहे. गिऱ्हाईक मांसाचा तुकडा मागायला लागलं की म्हणायचा, 'हा तुला शिजवता येणार नाही, तो दुसरा ने.' माझ्या आईला तोंडावर म्हणाला होता. आई त्याला मरेपर्यंत शिव्या देत होती, आणि मरेपर्यंत त्याच्याकडूनच मांस आणत होती."

नोलीनला हे ऐकून बरं वाटलं. म्हणजे हा माणूस मुळात गोड नव्हता. गोडवा त्याला तिच्यापुरता आणावा लागला होता.

अंधार पडायच्या सुमाराला प्रश्न आला. "कड्याच्या पायथ्यापासून तळहात वर न्या. एका जागी बोटांखालचा खडक बदलतो. ती जागा तुमच्या अंगाच्या मानाने कुठे येते आणि तिथे काय बदलतं, ते सांगा." शुभेच्छा नाहीत, आदरणीय नाही. नोलीनने तो दोनदा ऐकला.

रविवारी सकाळी ओहोटीला दोघं किनाऱ्यावर गेली. दक्षिणेचा वारा हाडांत शिरत होता. डॅरिलने तिला कड्यापर्यंत आणून सोडलं, आणि ती म्हणाली, "आता लांब उभा राहा. तोंडातून शब्द काढायचा नाही. खोकायचंसुद्धा नाही. आंधळी कोशिंबीर खेळायला आलेलो नाही आपण."

तिने हातमोजे काढून खिशात कोंबले. पायथ्याशी शेवाळाचा बुळबुळीत थर होता, त्यात बोटं घसरत होती. म्हणून ती जरा वर आली आणि मांडीच्या उंचीवरून हात न्यायला लागली. इंच इंच. खडबडीत, पुन्हा खडबडीत, मध्येच शिंपल्याची धार, पुन्हा खडबडीत. बोटं गारठून लाकूड झाली तेव्हा तिने ती काखेत धरून ऊब घेतली, आणि पुन्हा मांडीपासून सुरुवात केली. खांद्याशी तिचं बोट एका खाचेत गेलं. खाचेच्या वर खडक गुळगुळीत लागला. तिने चार वेळा खात्री केली आणि तिचा चेहरा उजळला.

लांब उभ्या असलेल्या डॅरिलला तो हिरवट पट्टा चांगला दिसत होता. तो तिच्या गुडघ्यापाशी होता, शेवाळाच्या थरातून डोकावणारा. ती त्याच्या वरून सुरुवात करून पुढे निघून गेली होती. 'खाली,' एवढा एक शब्द त्याच्या ओठांवर आला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने बायकोपुढे पुष्कळ शब्द गिळले होते, पण असा जड एकही नव्हता. त्याने तोही गिळला आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

तळावर येऊन तिने उत्तर सांगितलं: "शेवाळाच्या वरपासून हात नेला. खांद्याशी खाच लागली. खाली खडबडीत, वर गुळगुळीत." डॅरिलने ते जसंच्या तसं जाऊ दिलं. सोमवारी सकाळी ख्राइस्टचर्चहून विमान होतं. परतल्यावर लगेच डोळ्यांच्या सुईची वेळ ठरलेली होती, आणि केरिनने चार वेळा तिची आठवण करून दिली होती. दुपारी निघायला हवं म्हणून तो मुकाट्याने सामान भरू लागला. त्याला आता एकच भीती वाटत होती. मर्डक गिलीस पुन्हा गोड झाला तर? 'छान प्रयत्न, भेट मान्य' असं लिहून मोकळा झाला तर? तिला ते बरोबर वाटेल, ती बिल्ला लावेल, आणि तो खोटा आहे हे आपल्याला एकट्याला जन्मभर माहीत असेल.

बॅगेची चेन लावता लावता फोन किणकिणला.

"चूक," फोन म्हणाला. "खांद्याशी लागली ती नुसती भेग आहे. तिथे पुष्कळ जण फसतात. तुम्ही शेवाळ टाळून वरून सुरुवात केलीत. हात बरबटायची तयारी नसेल तर या कामाला येऊ नये. गुडघे टेका आणि अगदी पायथ्यापासून या. उद्या ओहोटी अकराच्या सुमाराला. भेट मान्य नाही."

नोलीन म्हणाली, "पुन्हा लाव."

डॅरिलने पुन्हा लावलं. चूक, असं फोन पुन्हा म्हणाला. नोलीनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती रडतेय असं वाटून तो पुढे झाला, पण ती हसत होती. हसताना तिचे खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघितलंस? मला चूक म्हणाला तो. हात बरबटवा म्हणाला. मला!"

"कसाईच तो," डॅरिल म्हणाला, आणि त्याने भरलेली बॅग परत उघडली.

केरिनचा फोन आला तेव्हा तो बाहेर पायरीवर बसून विमान कंपनीचा नंबर शोधत होता. आत नोलीन, डोळ्यांचे डॉक्टर भेटीचा दिवस पुढे ढकलतील का, हे केरिनला विचारायला ओरडून सांगत होती, आणि त्याच दमात स्वतःची जुनी पँट शोधत होती, गुडघे टेकायला.

"बाबा, झालं का सगळं?" केरिनने विचारलं. "आईला मिळालं का एकदाचं ते?"

"नाही गं," डॅरिल म्हणाला. "साफ चुकली."

"अरे देवा. मग कशी आहे ती?"

डॅरिलने फोन दाराकडे धरला. आत कपाट आपटल्याचा आवाज आला, आणि त्यावर नोलीनचा, "डॅरिल, अकरा म्हणजे साडेदहालाच निघायचं, ऐकलंस का?"

"ऐकलंस?" तो केरिनला म्हणाला. "अशी आहे."